आठ कळशांचा हौद

अँब्रोजला माशांनी दोनदा बुडवलं, आणि दोन्ही वेळा चूक माशांची नव्हती. पहिल्यांदा तो एकतीस वर्षांचा होता. आगगाडी ठाण्याला येऊ लागून वीसेक वर्षं झाली होती, पण चेंदणीचे कोळी अजून भरती-ओहोटीच्या वेळेवरच उठत-बसत होते. जाळ्यातून मासे सोडवताना एका शिंगाळ्याचा काटा त्याच्या उजव्या तळहातात खोल गेला. त्याने तो उपटून फेकला, हात खाडीच्या पाण्यात खळबळला आणि पुन्हा कामाला लागला. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. इस्पितळातल्या डॉक्टराने जीव वाचवला, पण तीन बोटं काढून घेतली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढंच उरलं. दोन बोटांनी चिमूटभर मीठ उचलता येतं, जाळ्याचा दोर ओढता येत नाही.

भावांनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, हे कबूल करायलाच हवं. ते धान्य द्यायचे, नाताळाला कपडा द्यायचे. पण एक गोष्ट त्यांनी बंद केली आणि ती त्यांच्या लक्षातही आली नाही. ते त्याला काही विचारीनासे झाले. पूर्वी वारा कसा आहे, पाणी कुठे गढुळलंय, जाळं पुलाच्या अलीकडे लावायचं की पलीकडे, हे अँब्रोज सांगायचा, आणि तो नको म्हणाला की होडी त्या बाजूला जायची नाही. आता तो किनाऱ्यावर बसून नको म्हणायचा आणि होडी जायची. बोटं गेल्याचं दुःख त्याने वर्षभरात गिळलं. हे मात्र त्याच्या घशात अडकून राहिलं.

त्याची बायको एमिलिया डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. बाजार उठला की मासुंद्याच्या तळ्याकाठच्या चार-सहा घरी उरलेली पाटी घेऊन जायची. त्यांतलं एक घर त्र्यंबकरावांचं. हे प्रभू गृहस्थ मुन्सफीतून निवृत्त झालेले, गाव त्यांना रावसाहेब म्हणे, घर मासे खाणारं आणि माशाची पारख असणारं. एका साहेबाने विलायतेला परत जाताना आपल्या सामानाचा लिलाव केला, त्यात रावसाहेबांनी एक काचेचा हौद घेतला. चारी बाजूंना काच, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. तळाला वाळू घालून पाणी भरायचं आणि जिवंत मासे पोहताना बघत बसायचं. असली हौस ठाण्यात कुणी पाहिली नव्हती. रावसाहेबांनी हौद ओटीवर मांडला, तळ्यातून तीस-पस्तीस मासे धरून आणवले आणि सगळे एकदम आत सोडले. तीन दिवसांत घरात नाक धरून फिरायची पाळी आली. पुन्हा आणवले, पुन्हा मेले. एमिलिया मागच्या दाराशी पाटी उतरवून बसली होती. ती म्हणाली, जन्मभर लोक माझ्याकडून मेलेले मासे नेतात. जिवंत ठेवायचे असतील तर माझ्या नवऱ्याला विचारा, त्याला दुसरं काम नाही. शेवटचं तेवढं ती न बोलती तर बरं होतं, पण एमिलियाची जीभ अशीच होती.

अँब्रोज आला. हौदाकडे बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने घरातली पाण्याची कळशी मागून घेतली आणि रिकाम्या हौदात एकेक कळशी मोजून ओतली. आठ कळशांत हौद भरला.

"आठ मासे," तो म्हणाला.

रावसाहेबांना आधी वाटलं, हा आजच्या आज आठ आणून देणार आणि बाकीचे उद्या. सगळे मिळून आठच, हे कळल्यावर त्यांनी कोळणीशी करावी तशी घासाघीस सुरू केली. पंचवीस म्हणाले, अठरा म्हणाले, अखेर बारापर्यंत खाली आले. अँब्रोज जागचा हलला नाही.

"मासा पाणी पीत नाय, रावसाहेब, पाण्यातला वारा खातो," तो म्हणाला. "आठ कळशांत आठांपुरताच वारा हाय. नववा टाकला तर तो एकटा नाय मरायचा. नवाचे नऊ मरतील."

हे त्याला कुणी पढवलेलं नव्हतं. आमिषाचे जिवंत मासे मडक्यातून होडीवर न्यायचे, तर मडक्यात किती घालायचे याचा अंदाज त्याच्या हाडीमासी भिनलेला होता. आणि रावसाहेबांनी पंचवीस वर्षं न्यायासनावर काढलेली. उलटतपासणीत टिकणारा साक्षीदार त्यांना ओळखता येत असे. त्यांनी आठ कबूल केले. अँब्रोजला महिना बांधून दिला.

मग मासे निवडायचं काम सुरू झालं, आणि सांगायला आनंद होतो की त्या आठ दिवसांत अँब्रोज कधी नव्हे इतका खुशीत होता. खाडीतला बोय दिसायला देखणा, पण खाऱ्या पाण्यातला. गोड्या पाण्यात तो दिवसही काढणार नाही, म्हणून नको. मरळ तगेल, पण शेजाऱ्यांना गिळून तगेल, म्हणून नको. शिंगाळ्याचं तर त्याने नावही काढू दिलं नाही. तळ्याच्या काठाकाठाने फिरून त्याने बोटभर लांबीच्या, एकमेकांच्या सोबतीने राहणाऱ्या पाच खवल्या धरल्या. अंगावर काळा पट्टा असलेले दोन चपळ मासे धरले. आणि आठवा एक तपकिरी, कुरूप, मिशाळ मासा, जो दिवसभर तळाची वाळू चाटत बसायचा. हा कशाला, असं रावसाहेबांनी विचारलं. बाकीच्यांनी सांडलेलं हा खातो, हा नसला तर पाणी नासेल, असं अँब्रोजने सांगितलं. रावसाहेबांनी त्या माशाचं नाव कारकून ठेवलं.

मासे जगले. महिना गेला, दोन महिने गेले, तरी जगले. गावातली माणसं ओटीवर येऊन बघून जाऊ लागली. बघून झालं की प्रत्येक जण तेच म्हणायचा, की हौद जरा रिकामा-रिकामा दिसतो. लोकांना हे असलं बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरी काचेचा तुकडा नसला तरी दुसऱ्याचा हौद त्यांना भरलेला हवा असतो. अखेर एका पाहुण्याने घोटी गावाहून एक लहानसा मरळ आणून दिला, ठिपक्यांचा, दिमाखदार. अँब्रोज नाही म्हणाला. रावसाहेबांना भीड पडली आणि अँब्रोज घरी गेल्यावर त्यांनी तो हौदात सोडला. दुसऱ्या दिवशी दोन खवल्या नव्हत्या आणि मरळाचं पोट फुगलेलं होतं.

अँब्रोजने मरळ काढून मडक्यात घातला आणि तळ्यावर निघाला. तेवढ्यात रावसाहेब ओटीच्या पायरीपर्यंत आले.

"चूक माझी झाली," ते म्हणाले. "यापुढे हौदात काय घालायचं आणि काय नाही, ते तू ठरवायचं. मी विचारीन, तू नाही म्हण."

अँब्रोजला हे वाक्य आयुष्यभर पुरलं. घरी जाऊन त्याने ते एमिलियाला सांगितलं, भावांना सांगितलं, रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर बाहेरच्या अंगणात चार जणांना सांगितलं. एक मुन्सफ मला चूक माझी म्हणाला. लोक हसले. पाड्यात त्याला माशांची दाई म्हणू लागले. आपला कोळी मासे मारायचे सोडून त्यांना भरवतो, ही थट्टा होळीपासून नाताळापर्यंत चालली. अँब्रोजला तिचं काही वाटलं नाही. ठाण्यात निदान एक घर असं होतं, जिथे त्याच्या नाहीला किंमत होती.

अशी सात वर्षं गेली. रोज सकाळी तो जायचा, तीन कळशा जुनं पाणी काढायचा, तळ्याचं ताजं पाणी आदल्या दिवशीपासून निववून ठेवलेलं असे ते घालायचा, डासांच्या अळ्या आणि चिमूटभर भात टाकायचा. काच आतून घासायला त्याची दोन बोटंच पुरत. एमिलिया म्हणायची की देवाने ती तेवढ्यासाठीच ठेवली. एखादा मासा म्हातारा होऊन मेला तर तो दुसरा आणायचा. आकडा आठच राहिला. रावसाहेब दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, "अँब्रोज, एक वाढवायचा का रे?" तो म्हणायचा, "नाय जमायचं, रावसाहेब." आणि रावसाहेब समाधानाने मान हलवायचे. मला तर वाटतं, ते नाही ऐकण्यासाठीच विचारायचे.

घरातल्या बाकीच्यांशी त्याचा संबंध ओटीपुरता. माजघरात त्याचं पाऊल कधी पडलं नाही. रावसाहेबांची बायको गोदाबाई त्याने दाराआडून दिसलेल्या लुगड्याच्या काठापलीकडे पाहिली नव्हती. काही निरोप असला तर जुनी मोलकरीण रखमाबाई आणून द्यायची.

आठव्या वर्षी चैत्रात रावसाहेबांना ताप भरला. नवव्या दिवशी ते गेले. अँब्रोज अंगणाच्या कडेला, फाटकाबाहेर उभा राहिला आणि मुलासारखा रडला. घराला सुतक होतं, पण माशांना सुतक नसतं. तो रोज येत राहिला, पाणी बदलत राहिला, कुणाच्या नजरेला न पडता जात राहिला. आणि मनातल्या मनात एकच हिशेब करत राहिला, की आता पुढे काय. हौस रावसाहेबांची होती. बाईंनी हौद ठेवला नाही तर आपण पुन्हा किनाऱ्यावर बसणार, भाऊ देतील ते खाणार, आणि आपण नको म्हटलं तरी होड्या जाणार.

बाराव्या दिवशी सकाळी रखमाबाई घाईघाईने ओटीवर आली. आत उद्याच्या तेराव्याची तयारी चालली होती, तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"अँब्रोज, बाईंनी सांगितलंय, तेवढा हौद आज वाढव."

त्याने विचारलं, वाढवू? ती म्हणाली, वाढव म्हणाल्यात, आणि आजच्या आज, उद्या माणसं यायचीत. एवढं बोलून ती आत पळाली.

आता इथे सांगणाऱ्याला थांबावं लागतं. रखमाबाईला, गोदाबाईंना आणि गावातल्या अर्ध्या माणसांना त्या शब्दाचा जो अर्थ ठाऊक होता, तो अँब्रोजला ठाऊक नव्हता. त्या घरात दिवा विझव असं कुणी म्हणत नसे, दिवा वाढव म्हणत. दुकान बंद केलं म्हणत नसत, वाढवलं म्हणत. संपण्याचं, फुटण्याचं, मिटण्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून उलटा शब्द वापरायचा. अँब्रोजच्या पाड्यात विझलेल्या दिव्याला विझला म्हणायची रीत होती आणि फुटलेल्या मडक्याला फुटलं. सात वर्षं तो सकाळी ओटीवर यायचा आणि ऊन चढायच्या आत जायचा. त्या घरातला दिवा कधी वाढवलेला त्याने पाहिलाच नव्हता. वाढवायचा का हा शब्द त्याने तिथे एकाच तोंडून ऐकला होता, आणि त्याचा अर्थ एकच होता.

तो पायरीवर बसला. आठ कळशा पाणी, आठ मासे, बाहेर चैत्राचं ऊन. नाही म्हणायला हवं हे त्याला दिसत होतं. पण म्हणायचं कुणाला? दाराला? आजवर कधी न बोललेल्या बाईने पहिल्यांदा काही सांगितलं होतं, तेही नवऱ्याच्या बाराव्याला. उद्या माणसं येणार, ओटी भरणार, तेव्हा धन्याच्या आवडीची वस्तू रिकामी दिसू नये असं तिला वाटलं असेल. त्याच्या पाड्यातही माणूस गेल्यावर महिन्याचा मिस्सा होई, तेव्हा घरची मंडळी हात आखडता घेत नसत. आणि खरं सांगायचं तर तो घाबरला होता. पहिलाच हुकूम मोडला तर हौद ठेवतील, पण आपल्याला ठेवणार नाहीत, असं त्याला वाटलं. एमिलिया घरी असती तर तिने त्याला एका शब्दात शहाणं केलं असतं. बाजारातले वाणी रोज तिच्यासमोर दुकान वाढवायचे. ती कल्याणला बहिणीकडे गेली होती.

तो तळ्यावर गेला. संध्याकाळपर्यंत बावीस मासे धरले. त्यातही निवड केली. लहानात लहान, नरमात नरम. एकेक करून हौदात सोडले. पाणी काठोकाठ भरलं. हौद खरोखर सुरेख दिसत होता. सात वर्षं गाव जे मागत होतं ते त्याने एका दिवसात केलं आणि तोंड धुऊन घरी गेला. त्या दिवशी वारा पडलेला होता.

तेराव्याच्या सकाळी तो उजाडताच आला. पाण्यावर चंदेरी पोटं तरंगत होती. काही मासे अजून तोंड वर काढून हवा गिळत होते. त्याने पाण्यात हात घातला, मेलेले उपसले, पळत जाऊन कळशीने ताजं पाणी आणून ओतलं, पुन्हा उपसले. जुन्या खवल्या गेल्या. पट्ट्याचे दोघे गेले. कारकून तळाशी आडवा पडून कल्ले हलवत होता, तोही अँब्रोजच्या दोन बोटांत असताना थांबला. तोवर भटजी अंगणात आले होते आणि घराच्या ओटीवर तीस मेलेले मासे होते.

रखमाबाई बाहेर आली, तिने पाहिलं आणि पदर तोंडावर घेऊन आत गेली. मग गोदाबाई दारात आल्या. अँब्रोजने त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या नजरेला आधी पडली ती त्यांची मनगटं. तिथे काही नव्हतं.

त्यांनी हे काय, असं विचारलं. अँब्रोजने सांगितलं की तुम्ही वाढवायला सांगितलंत, मी बावीस वाढवले. आधी त्यांना काही कळेना. मग कळलं. हळूहळू, एकेक शब्द त्याला समजेल असा सांगत त्या बोलल्या. हौद बंद करायला सांगितला होता. तापात दुसऱ्याच दिवशी यांनी सांगून ठेवलं होतं, की माझ्यामागे हे मासे कोंडून ठेवू नका, माझ्या तेराव्याआधी अँब्रोजच्या हातून तळ्यात सोडा. आणि हौद त्यालाच द्या, मासे त्याला कळतात.

अँब्रोज खाली मान घालून उभा होता. त्याच्या हातातून पाणी ठिबकत होतं.

"तू त्यांना सात वर्षं नाही म्हणत आलास," गोदाबाई म्हणाल्या. "त्यांना केवढं कौतुक होतं त्याचं. मला एकदा म्हणायला काय झालं होतं?"

"ते ऐकायचे, बाय," अँब्रोज म्हणाला.

"मीही ऐकलं असतं."

बाई आत गेल्या. अँब्रोजने मासे पाटीत भरले, फडक्याने ओटी पुसून घेतली आणि तळ्यावर गेला. मेलेले मासे पाण्यात सोडायचे की काठावर पुरायचे, हे त्याला ठरवता येईना. अखेर त्याने पुरले.

दोन दिवसांनी रखमाबाईने बैलगाडीतून हौद पाड्यात पाठवला. मेलेल्या माणसाचा शब्द घराने पाळला. एमिलिया कल्याणहून आली, तिने सगळं ऐकलं आणि पाटी घेऊन बाजाराची वाट धरली. हौद काही दिवस दारात पडून होता. मग थोरल्या भावाने विचारलं, यात सुकट ठेवू का. अँब्रोज म्हणाला, ठेव. पुढे काच तडकली.

त्यानंतर तो वीस वर्षं जगला, आणि त्या वीस वर्षांत त्याने कुणालाही कशालाही नाही म्हटल्याचं एमिलियाला आठवत नसे. भावांनी घराची पुढची जागा मागितली, त्याने दिली. शेजाऱ्याने कुंपण आत सरकवलं, तो बघत राहिला. एमिलिया त्याच्यावर ओरडायची, रडायची, जुना अँब्रोज कुठे गेला म्हणून विचारायची. तो म्हणायचा, असू दे.

मध्ये कधीतरी ठाण्यात बदलून आलेल्या एका अंमलदाराने काचेचा हौद मांडला. गावात माशांतला जाणकार माणूस आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने शिपाई पाठवून अँब्रोजला बोलावलं आणि हौद दाखवला. हौद रावसाहेबांच्या हौदाएवढाही नव्हता. साहेबाला त्यात चाळीस मासे हवे होते. पण जमेल ना, असं त्याने आपण होऊन विचारलं. तुला काय वाटतं ते सांग म्हणाला.

अँब्रोजने हौदाकडे पाहिलं. कळशी मागितली नाही.

"जमेल, साहेब," तो म्हणाला, आणि चाळीस आणून दिले. तिसऱ्या दिवशी ते मेले, तेव्हा पुन्हा निरोप आला, आणि त्याने पुन्हा चाळीस आणून दिले.